ग्रामोफोनची सुई : निवड व बदल

आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील कांहीं जुन्या घरांच्या माळ्यावर अजूनहि एखादी चावीची ग्रामोफोन-पेटी, दहा-पांच काळ्या तबकड्या आणि सुयांची पत्र्याची डबी सांपडते. मेहकर तालुक्यांतील एका विद्यार्थ्यानें आपल्या आजोबांची अशी पेटी शाळेंत आणली, तेव्हां मुलांच्या आग्रहावरून मीं ती लावली. पेटीला जी सुई होती तीच राहूं दिली. बालगंधर्वांचें एक नाट्यपद आम्हीं लागोपाठ पुष्कळ वेळां ऐकलें. शेवटीं आवाज घोगरा झाला आणि तबकडीच्या चकचकीत अंगावर राखेसारखा करडा पट्टा उमटला. आजोबांनीं साठ वर्षें जपलेली वस्तु मीं एका तासांत बिघडविली. ही चूक दुसऱ्या कोणाच्या हातून होऊं नये, म्हणून हा पाठ लिहीत आहें.

प्रथम तबकडी कशाची असते तें पाहूं. एमिल बर्लिनर यानें १८८७ सालीं सपाट तबकडीचें यंत्र काढलें, व १९०२ सालीं कलकत्त्यास आपल्या देशांत गायकांचे आवाज अशा तबकड्यांसाठीं प्रथम घेण्यांत आले. या जुन्या तबकड्या चपड्याच्या असत. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्यापासून लाख मिळते व ती शुद्ध करून चपडा होतो. त्यांत दगडाची बारीक पूड व काजळी मिसळून तबकडी दाबून काढीत. तिच्यावर एकच नागमोडी चर बाहेरून आंत फिरत गेलेला असतो. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटें चालते. तेवढ्यांत सुई शंभर मीटरांहून अधिक वाट घांसत जाते. शिवाय तिच्यावर साउंडबॉक्सचा शंभर ग्रॅमहून अधिक भार असतो.

आतां कोणी विचारील, तबकडींत दगडाची पूड कशाला? तिचा एक उपयोग असा कीं, नवी सुई चरांत उतरतांच ही पूड तिचें टोंक घांसून चराच्या आकाराचें करते. सुई पोलादाची असली, तरी ती तबकडीपुढें झिजावी अशीच योजना असते. एक बाजू संपेपर्यंत टोंकाला सपाट पैलू पडतात व त्यांच्या कडा पटाशीच्या धारेसारख्या होतात. तीच सुई पुन्हां लावली, कीं त्या कडा चराच्या भिंती खरवडूं लागतात. करडा पट्टा दिसतो, तो या खरवडण्याचा. म्हणून नियम ध्यानांत ठेवावा : पोलादी सुई एका बाजूस एकदांच.

सुयांची जाड, मध्यम व बारीक अशी निवड असते. जाड सुई कंप जसाच्या तसा वर पोंचविते, म्हणून आवाज मोठा येतो. बारीक सुई थोडी लवते, म्हणून आवाज मृदु येतो. जुन्या व झिजलेल्या तबकडीस बारीक सुईच योग्य. पूर्वीं बांबूच्या व काट्यांच्या सुयाहि वापरीत. त्यांचा आवाज लहान, पण तबकडीला त्या सौम्य. मात्र त्यांना वारंवार धार लावावी लागे.

सुई बदलण्याची रीत सोपी आहे. तबकडी थांबवावी. साउंडबॉक्स उलटा करून बाजूचा स्क्रू सैल करावा व जुनी सुई काढावी. नवी सुई तळाला टेंकेपर्यंत आंत सारावी आणि स्क्रू बोटांनींच आवळावा, पकडीनें नव्हे. तबकडी फिरूं लागल्यावर सुई बाहेरच्या कोऱ्या कडेवर अलगद टेंकावी. टोंक फिरण्याच्या दिशेकडे कललेलें असावें. वापरलेली सुई नव्या सुयांच्या डबींत कधींहि परत टाकूं नये.

विजेच्या यंत्रावरील सुईची गोष्ट निराळी. ती नीलमण्याची किंवा हिऱ्याची असते व पुष्कळ टिकते. नीलमण्याची सुई कांहीं दशक तास, तर हिऱ्याची साधारणतः पांचशें ते हजार तास चालते. येथें माप पाहावें. ७८ फेऱ्यांच्या तबकडीला सुमारें ०.०७५ मिलिमीटर त्रिज्येचें टोंक लागतें. १९४८ पासून निघालेल्या एल. पी. तबकडीचा चर अरुंद, म्हणून तिला सुमारें ०.०२५ मिलिमीटर किंवा त्याहूनहि बारीक टोंक लागतें. एकीची सुई दुसरीस लावूं नये, आणि एल. पी. तबकडी चावीच्या पेटीवर तर मुळींच लावूं नये, कारण ती मऊ असल्यानें पोलादी सुईखालीं एका वेळींच बिघडते. 'स', 'श' ही अक्षरें चरचरूं लागलीं, कीं भिंगाखालीं सुई तपासावी. मऊ कुंचल्यानें ती मागून पुढेंच पुसावी.

पालकांस दोन शब्द सांगावेसे वाटतात. चपड्याच्या तबकड्या स्पिरिटनें पुसूं नयेत; सुतार चपडा स्पिरिटमध्यें विरघळवूनच पॉलिश करतो, हें आपणांस ठाऊक आहेच. खामगांव-मलकापुराकडील मे महिन्याच्या उन्हांत त्या वांकतात, म्हणून सावलींत उभ्या ठेवाव्या. आणि सुईची काटकसर करूं नये. सुई बाजारांत पुन्हां मिळेल. तबकडींतला आवाज झिजला तर तो त्या तबकडीपुरता गेलाच.

पेटी परत करण्यास मी त्या आजोबांकडे गेलों व घडलें तें सांगितलें. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, दुसरी बाजू तर शाबूत आहे ना?" मीं सोबत नेलेल्या डबींतून एक नवी बारीक सुई काढली. दुसरी बाजू आम्हीं एकदांच ऐकली, आणि ती संपतांच सुई काढून ठेवली.