शाळेच्या बैठकीत मुलाची बाजू

‘तुमचा मुलगा वर्गात बसत नाही, इतरांना मारतो,’ असा निरोप आला की पालक खाली मान घालून शाळेत जातात. ‘काही दिवस घरीच ठेवा,’ हा सल्लाही निमूटपणे स्वीकारतात. परंतु अशी सुटलेली शाळा पुष्कळदा कायमची सुटते. धाराशिव जिल्ह्यातील भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडीस जातात. त्यांच्या मुलाला शाळेने दूर केले, तर त्याची वाट उसाच्या फडाकडेच वळते.

म्हणून कायद्याची माहिती पालकांना असणे अगत्याचे आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यातील कलम १६ नुसार आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होईतो बालकास शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतरही ही मनाई कायम आहे. कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ निषिद्ध आहेत.

तथापि, केवळ कायद्यावर बोट ठेवल्याने प्रश्न सुटत नाही. शिक्षकाला संपूर्ण वर्ग सांभाळावयाचा असतो. यास्तव पालकांनी बैठकीपूर्वी पंधरा दिवस साधी नोंद ठेवावी : मूल केव्हा बिथरले, त्याआधी काय घडले, ते कशाने शांत झाले. फळ्यावरील मजकूर उतरवितानाच गडबड होत असेल, तर कदाचित दृष्टी अधू असेल. हाकेला ओ मिळत नसेल, तर कान तपासावे लागतील. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांतून अशी तपासणी करतात. स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत आहे. निदान झाल्यास आवश्यक ते साहाय्य मागता येते.

मुलाविषयीची चर्चा सर्व पालकांसमोर न होता वर्गशिक्षक व मुख्याध्यापक यांच्याशी स्वतंत्रपणे व्हावी. बसण्याची जागा, कामाचे लहान टप्पे, मन अस्वस्थ झाल्यास थोडा वेळ बाहेर जाण्याची मुभा, अशा दोन-तीन गोष्टी ठरवून त्या लिहून घ्याव्यात आणि महिन्याने पुन्हा भेटावे. मार्ग न निघाल्यास गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा. शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. मुलाचे नाव न घेता अशा मुलांसाठी शाळेत सोय व्हावी, हा आग्रह तेथे धरता येतो.

मुलाची बाजू मांडणे म्हणजे त्याच्या चुकीवर पांघरूण घालणे नव्हे. त्याला त्याच वर्गात, त्याच बाकावर शिकता यावे, एवढेच त्यातून साधावयाचे असते.