खेळाडूबरोबर घरालाही समोर बसवावं लागतं

मी पुण्यात खेळाडूंचं मानसिक समुपदेशन करते. येणारी मुलं मात्र कोल्हापूर, सातारा, नगर, बीड अशी कुठूनकुठून येतात. नेमबाज जास्त, मग कुस्ती, बॅडमिंटन, कबड्डी. बरोबर आईवडील असतात, कधी आजी, कधी वस्ताद. या सगळ्यांनी मला जे शिकवलं त्यातलं थोडं इथे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

१. हरल्यावर घरी कसे येता, हे आधी विचारावं.
पहिल्या भेटीत मी खेळाबद्दल कमी विचारते. मॅच हरल्यावर घरी कोणाबरोबर आलीस? वाटेत काय बोलणं झालं? एका बॅडमिंटनपटू मुलीने सांगितलं, "बाबा काहीच बोलत नाहीत. फक्त गाडी जोरात चालवतात." अटीतटीच्या गेममध्ये सर्व्हिस करायला उभी राहिली की तिला ती गाडी आठवायची आणि मनगट आखडायचं. वडिलांना याचा पत्ताच नव्हता. आपण ओरडत नाही म्हणजे पोरीला सांभाळून घेतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. आम्ही तिघांनी मिळून एक ठरवलं: मॅचच्या दिवशी खेळाचा विषय तिनेच काढायचा, तिने नाही काढला तर तो दुसऱ्या दिवशी. वडिलांना हे फार अवघड गेलं. पहिले काही रविवार ते रस्त्यावरच्या खड्ड्यांवरच बोलत राहिले. पण मुलीचं मनगट हळूहळू सुटलं, आणि सर्व्हिसच्या तंत्राला तर आम्ही हातही लावला नव्हता.

२. मनाचा सराव रोजचा असतो.
"परवा स्टेट आहे, जरा मोटिव्हेट करा," असे फोन मला नेहमी येतात. परवाच्या स्पर्धेसाठी मी फारसं काही करू शकत नाही. दहा मीटर एअर रायफलचंच बघा. निशाण्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. पात्रता फेरीत असे साठ शॉट. छातीतला ठोकासुद्धा नळीच्या टोकाशी जाणवतो. म्हणून प्रत्येक शॉटआधी पायांची जागा, गालाचा टेकू, श्वास, नजर, ट्रिगर आणि शॉट सुटल्यावरही क्षणभर तसंच थांबणं हा क्रम अंगात मुरवावा लागतो. श्वास सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा लांबवला की नाडी उतरते. पण हे रेंजवर शेकडो वेळा केलेलं असेल तरच फायनलमध्ये आठवतं. महाराष्ट्रात या कामाची वाट भीष्मराज बाम यांनी पाडली. पोलीस सेवेतल्या या अधिकाऱ्याने नाशिकमध्ये योग आणि क्रीडामानसशास्त्र यांची सांगड घातली आणि कितीतरी नेमबाज घडवले. २०१७ मध्ये ते गेले. त्यांची पुस्तकं मी आजही पालकांच्या हातात ठेवते.

३. धडधड पूर्ण घालवायची नसते.
येर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांच्या १९०८ मधल्या प्रयोगांवरून पुढे असं मानलं गेलं की उत्तेजना फार कमी असली तरी काम बिघडतं आणि फार वाढली तरी बिघडतं. काम जितकं नाजूक तितकी ती कमी लागते. पहिलवानाला अंगात रग लागते, नेमबाजाला तीच जड जाते. त्यामुळे "शांत राहा" हा सल्ला सरसकट सगळ्यांना देऊ नये.

४. फी कोणीही भरो, बोलणं खेळाडूचं.
"मॅडम, काय म्हणाला तो?" हे कोच मला विचारतात, आई विचारते, प्रायोजकही विचारतात. म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांना एकत्र बसवून मी सांगते: जिवाला धोका असेल किंवा मुलावर अत्याचार होत असेल तर मी गप्प बसणार नाही. अठराच्या आतल्या मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची खबर देणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने सक्तीचंच आहे. बाकी सगळं या खोलीत राहील. हे ऐकताना मुलाचे खांदे खाली येतात, ते मी अनेकदा पाहिलं आहे. मैदानावर निवड करणाऱ्याच्या हातात सगळं असताना आपली भीती त्यालाच कळणार असेल, तर कोण तोंड उघडेल?

५. घरातल्या दुसऱ्या मुलाला बोलवावं.
हा मुद्दा मला सगळ्यात जवळचा आहे. घरातला पैसा बहुतेक एकाच मुलावर जातो: चांगली परदेशी रायफल दोन लाखांच्या पुढे जाते. पेलेट, जॅकेट, प्रवास, पुण्यातली खोली हे वेगळं. एका शेतकरी घरात नेमबाज मुलासाठी आईचं सोनं गहाण पडलं होतं. मुलाचे गुण ट्रायल्समध्ये सतत घसरत होते आणि सगळे त्याच्या तंत्राला दोष देत होते. मी घरातल्या सगळ्यांना बोलावलं. धाकटी बहीण कोपऱ्यात बसली होती. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "दादाच्या सगळ्या नॅशनलच्या तारखा मला पाठ आहेत. मी कितवीत आहे, हे दादाला विचारा." मुलगा रडायला लागला. त्याला सांगता येईना. थोड्या वेळाने त्याच्या तोंडून निघालं, "एक नऊ लागला की मला आईच्या बांगड्या दिसतात."

त्यानंतरच्या भेटींमध्ये आम्ही रायफलबद्दल जवळजवळ बोललोच नाही. कर्ज आम्ही काढलं, ते फेडणं आमचं काम, ते तुझ्या गुणांवर अवलंबून नाही, हे वडिलांनी त्याला स्वतःच्या तोंडाने सांगितलं. बहिणीच्या क्लासची फी खर्चाच्या वहीत वेगळी, वरच्या ओळीत लिहायची ठरलं. गुण सावरायला पुढचा हंगाम लागला. पण तो मुलगा जेवायला लागला, झोपायला लागला, आणि माझ्या लेखी कामाला यश तिथेच आलं होतं.

६. दुखापतीत मूल संघातच राहिलं पाहिजे.
गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटला की शस्त्रक्रियेनंतर मैदानावर यायला साधारण नऊ महिने जातात. एवढ्या काळात कबड्डीपटूचा व्हॉट्सॲप ग्रुपसुद्धा शांत होतो. त्याला सरावाला बोलवा, गुण लिहायला द्या, चढायांचे व्हिडिओ काढायला सांगा.

७. "मोठ्या खेळाडूंना असं होत नाही" हे वाक्य घरातून काढून टाकावं.
नेमबाज अभिनव बिंद्रा २००४ मध्ये अथेन्स ऑलिम्पिकच्या फायनलमध्ये सातवा आला. २००८ मध्ये बीजिंगला सुवर्ण मिळालं आणि त्यानंतर आलेल्या पोकळीबद्दल तो मोकळेपणी बोलला आहे. जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने टोकियो ऑलिम्पिकमध्ये हवेत शरीराचं भान सुटत असल्याने बहुतेक स्पर्धा सोडल्या आणि २०२४ मध्ये पॅरिसला तीन सुवर्णं जिंकली. बुद्धिबळपटू गुकेशने त्याच वर्षी जगज्जेतेपदाची लढत खेळताना मानसिक प्रशिक्षक पॅडी अप्टन यांची मदत घेतली. पालकांना मी ही नावं मुद्दाम सांगते, कारण माझ्या खोलीत येणं त्यांना अजूनही कमीपणाचं वाटतं.

८. काही गोष्टी डॉक्टरांच्याच असतात.
दोन आठवडे झोप किंवा भूक उडालेली, आवडत्या खेळाचाही कंटाळा, जेवून उलट्या काढणं, वजनी गटातल्या मुलीची पाळी थांबणं, मरणाची भाषा: यातलं काही दिसलं की मी लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. पालकांना तिथल्या औषधांमुळे डोपिंगची भीती वाटते. नैराश्यावरची एसएसआरआय गटातली नेहमीची औषधं 'वाडा' या जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या प्रतिबंधित यादीत नाहीत. एडीएचडीवरच्या मिथाइलफेनिडेटवर मात्र स्पर्धेदरम्यान बंदी आहे, त्यासाठी टीयूई ही वैद्यकीय सवलत घ्यावी लागते. म्हणून आपण खेळाडू आहोत हे डॉक्टरांना आधी सांगा. गावाजवळ कोणी नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास आणि मोफत चालतो, तिथे मराठीत बोलता येतं. तो मुलाच्या फोनमध्ये भरून ठेवा, आणि स्वतःच्याही.