ऋणमुक्ती आणि गृहस्थाची काटकसर

ब्रह्मचारी, वानप्रस्थ आणि संन्यासी या तिघांचाही योगक्षेम गृहस्थ चालवितो, म्हणून गृहस्थाश्रम हा सर्व आश्रमांचा आधार होय, असे आपल्या शास्त्रकारांनी म्हटले आहे. ज्याच्या खांद्यावर इतरांचा भार आहे तो गृहस्थच कर्जाने वाकला, तर घरातील वृद्ध, मुले, अतिथी, देवकार्य या सर्वांनाच त्याची झळ पोहोचते. म्हणून ऋण फेडीत असताना संसार कसा चालवावा, हा प्रश्न केवळ पैशाचा नसून धर्माचाही आहे.

या पाठात एकच गोष्ट प्रामुख्याने सांगावयाची आहे. काटकसर हे साधन आहे, साध्य नव्हे. वाचविलेला पैसा ज्या महिन्यात वाचला त्याच महिन्यात मुद्दलाकडे गेला, आणि त्या काटकसरीचा भार घरातील सर्वांनी सारखा वाहिला, तरच ऋण फिटते. या दोन गोष्टी नसतील तर काटकसर ही निव्वळ ओढाताण ठरते.

१. ऋणाविषयी आपली परंपरा

मनुष्य जन्मतःच देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे घेऊन येतो, ही कल्पना आपल्याकडे वेदकाळापासून आहे. यज्ञाने, अध्ययनाने आणि प्रजोत्पादनाने ती फेडावयाची असतात. घेतलेले परत करणे हा माणसाच्या जगण्याचाच एक भाग मानला गेला, आणि त्याच दृष्टीने आपल्या पूर्वजांनी पैशाच्या देण्याघेण्याकडेही पाहिले. मनुस्मृतीत न्यायाधीशापुढे येणारे वादाचे अठरा विषय सांगितले आहेत. त्यांतील पहिला विषय ऋणादान, म्हणजे कर्जाची देवघेव, हाच आहे.

शास्त्रांनी केवळ ऋणकोलाच बांधले असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शंभर पणांवर दरमहा सव्वा पण हे धर्म्य व्याज ठरविले आहे. हा दर वर्षाला १५ टक्के होतो. व्यापारासाठी ५ पण, अरण्यातून माल नेणाऱ्यास १० पण आणि समुद्रमार्गे जाणाऱ्यास २० पण अशी चढती मर्यादा आहे. जेथे धोका अधिक तेथे व्याज अधिक, हे तत्त्व त्या काळीही ज्ञात होते. ‘दामदुप्पट’ हा शब्द आपल्या आजोबा-पणजोबांच्या नित्य बोलण्यातला. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक होता कामा नये, असा तो नियम आहे. जुन्या मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो हिंदू ऋणकोंच्या बाबतीत मान्य केला होता.

बापाचे कर्ज मुलाने फेडावे, हे पुत्राचे धर्मकर्तव्य मानले जाई. तथापि जुगार, मद्यपान अशा कारणांनी केलेले कर्ज, ज्यास ‘अव्यावहारिक’ ऋण म्हणत, ते पुत्रावर बंधनकारक नव्हते. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली, आणि त्यानंतर काढलेल्या कर्जाबद्दल केवळ पुत्रधर्म या आधारावर मुलावर, नातवावर किंवा पणतवावर दावा चालत नाही. कायद्याचे बंधन असे सुटले. परंतु पुढच्या पिढीच्या माथी ओझे ठेवू नये, हे पित्याचे कर्तव्य मात्र जसेच्या तसे उभे आहे.

२. व्याजाचे गणित

कर्जाची खरी ओळख त्याच्या रकमेवरून होत नाही, दरावरून होते. समजा, एका कुटुंबावर २ लाख रुपयांचे कर्ज आहे आणि व्याज दरमहा २ टक्के, म्हणजे वर्षाला २४ टक्के आहे. पहिल्या महिन्याचे व्याजच ४,००० रुपये झाले. कुटुंबाने दरमहा बरोबर ४,००० रुपये भरले, तर ते जन्मभर भरीत राहतील आणि मुद्दल रुपयानेही कमी होणार नाही.

आता हे कुटुंब दरमहा ६,००० रुपये भरते असे धरू. कर्ज फिटण्यास सुमारे ५६ महिने, म्हणजे पावणेपाच वर्षांच्या आसपास काळ लागेल, आणि व्याजापोटी सुमारे १ लाख ३३ हजार रुपये जातील. त्याच कुटुंबाने काटकसर करून आणखी २,००० रुपये काढले आणि दरमहा ८,००० भरले, तर ३५ महिन्यांत कर्ज संपेल आणि व्याज सुमारे ८० हजार रुपयेच होईल. महिन्याला दोन हजारांची काटकसर केली, त्यातून सुमारे २० महिने आणि ५३ हजार रुपये वाचले. सुपारी फोडण्याइतका वेळ काढून हे गणित प्रत्येकाने आपल्या कर्जापुरते मांडून पाहावे.

याच्या उलट बाजूही ध्यानात घ्यावी. क्रेडिट कार्डाची थकबाकी दरमहा साडेतीन टक्क्यांनी वाढत असेल, तर वर्षाला तो दर सरळ हिशेबाने ४२ टक्के होतो, आणि व्याजावर व्याज धरल्यास ५१ टक्क्यांवर जातो. बिलावर छापलेली ‘किमान रक्कम’ भरली म्हणजे कर्तव्य संपले असे अनेकांस वाटते. ती रक्कम भरल्याने कार्ड चालू राहते, कर्ज मात्र फारसे हलत नाही. बँकेत ७ टक्क्यांनी ठेव ठेवावयाची आणि २४ टक्क्यांचे कर्ज अंगावर वागवावयाचे, हेही असेच. शंभर रुपयांमागे वर्षाला १७ रुपये आपल्याच हाताने घालविण्यासारखे ते आहे.

३. कोणते ऋण आधी फेडावे

प्रथम एका कागदावर सर्व देणी लिहावीत: कोणाचे, किती, कोणत्या दराने, केव्हापर्यंत. वाण्याची उधारी, भिशीचे राहिलेले हप्ते, मेहुण्याकडून घेतलेले हातउसने, सोन्यावरील कर्ज, मोबाईलवरून मिनिटात मिळालेले कर्ज, काहीही वगळू नये. पुष्कळ घरांत हा कागद कधी लिहिलाच जात नाही. कर्त्या पुरुषाच्या मनात तो आकडा असतो आणि पत्नीस त्याची कल्पनाही नसते. लपविलेले कर्ज सर्वांत महाग पडते, कारण ते फेडण्यास मदत करणारे हात त्यापासून दूर राहतात.

कागद तयार झाल्यावर सर्व कर्जांचे ठरलेले हप्ते वेळेवर भरावेत, आणि वाचलेली सर्व रक्कम सर्वांत अधिक व्याजाच्या कर्जावर टाकावी. ते फिटले की त्याचा हप्ता दुसऱ्या क्रमांकाच्या कर्जाकडे वळवावा. अशा रीतीने फेडीचा ओघ वाढत जातो. बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास बँकेने दंड आकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ साली ठरवून दिले आहे. इतर कर्जांच्या बाबतीत करारपत्र वाचून पाहावे.

नातलगाच्या हातउसन्याला व्याज नसते, म्हणून ते शेवटी ढकलण्याचा मोह होतो. गणिताच्या दृष्टीने ते बरोबरही दिसेल. परंतु ज्याने आपल्या अडचणीत कागद न करता पैसे दिले, त्याला दरमहा थोडे का होईना, ठरलेल्या तारखेस द्यावे. तेथे व्याज रुपयांत वाढत नाही, अबोला वाढतो.

४. काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये

आपल्या स्वयंपाकघरास काटकसरीची विद्या शिकवावी लागत नाही. हंगामातील स्वस्त पालेभाजी, कडधान्यांची उसळ, पिठले-भाकरी, उरलेल्या पोळ्यांची फोडणीची पोळी, उन्हाळ्यात घातलेले सांडगे, पापड आणि कुरडया, ही सारी आपल्या माजघराची पूर्वापार शिस्त आहे. सालाचे धान्य एकदम भरणे हे हितकर खरे, पण रोख पैसे असतील तरच. कर्ज काढून धान्य भरले तर स्वस्ताईचा लाभ व्याजात जातो.

तथापि एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पुष्कळ घरांत काटकसर म्हणजे गृहिणीने शेवटी जेवणे आणि उरलेसुरले खाणे, असाच अर्थ घेतला जातो. दूध मुलांना, भाजी पुरुषांना आणि तिच्या पानात ताक-भात. ही काटकसर नव्हे, ही अन्यायाची वाटणी आहे, आणि पुढे औषधोपचारात तिची किंमत व्याजासह द्यावी लागते. स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांचे सकस अन्न, औषध, शाळेची फी आणि आरोग्यविम्याचा हप्ता, यांना हात लावू नये. हात लावावयाचा तो मोठ्यांच्या व्यसनांना, हप्त्याने घेतलेल्या नव्या वस्तूंना, वारंवार बाहेरून मागविलेल्या जेवणाला आणि लोकांनी चांगले म्हणावे म्हणून केलेल्या खर्चाला.

स्त्रीधनाविषयीही असेच. कुटुंब अडचणीत आले म्हणजे पहिली नजर पत्नीच्या पाटल्या-बांगड्यांकडे जाते. स्त्रीधन हे तिचेच आहे. पतीने संकटात ते वापरले तरी परत करण्याचे नैतिक दायित्व त्याच्यावर राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा एकदा सांगितले. तिने समजून उमजून दिले, तर त्या देण्याची नोंद कर्जाच्या कागदावर तिच्या नावाने करावी आणि इतर देण्यांप्रमाणेच ते फेडावे.

आणखी एक सावधगिरी. सारा पैसा कर्जाकडे वळवून घरात काहीच शिल्लक न ठेवणे योग्य नव्हे. मुलास ताप आला किंवा दुचाकी बंद पडली की पुन्हा उसनवारीस जावे लागते. निदान एका महिन्याच्या घरखर्चाइतकी रक्कम हळूहळू बाजूस ठेवावी आणि अडचणीवाचून तिला शिवू नये.

५. लौकिक, सण आणि देवकार्य

‘ऋण काढून सण’ करू नये, हे आपल्या भाषेनेच सांगून ठेवले आहे. तरीही मुंज, लग्न, वास्तुशांत यांत सर्वांत अधिक कर्ज होते. जेवणावळीची पाने किती, आहेर किती, मांडव केवढा, यांवर घराचा लौकिक मोजण्याची सवय आपल्या समाजाने लावून घेतली आहे. देवाचा मात्र असा आग्रह कोठेही नाही. यथाशक्ती हा शब्द आपल्या प्रत्येक पूजाविधीत येतो आणि तो उगाच घातलेला नाही. पान, फूल, फळ आणि पाणी यांनी तृप्त होणाऱ्या देवासाठी सावकाराचे दार ठोठावण्याचे कारण नाही. कर्जात असलेल्या कुटुंबाने सत्यनारायण घरच्यापुरता केला, वर्गणी अर्धी दिली, तर त्यात उणेपणा मानू नये. आणि इतर सभासदांनी तो मानू देऊ नये. मोठ्या घरांनी साधेपणाने कार्ये केली, तर लहान घरांना साधेपणा लाजिरवाणा वाटणार नाही. ही जबाबदारी ज्यांच्यापाशी आहे त्यांची आहे.

परस्परांच्या आधारे ऋण टाळण्याचा मार्ग आपल्या बडोद्यास नवा नाही. विठ्ठल लक्ष्मण तथा भाऊसाहेब कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली १८८९ साली येथे ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ स्थापन झाली. भारतातील सहकारी पतसंस्थांच्या इतिहासात अगदी आरंभीची संस्था म्हणून तिचा उल्लेख होतो. सहकारी पतसंस्थांचा कायदा देशात १९०४ साली झाला. म्हणजे कायदा येण्यापूर्वी पंधरा वर्षे येथील माणसांनी हा मार्ग शोधला होता. ‘अन्योन्य’ म्हणजे एकमेकांचे. बचत एकत्र करावी आणि अडलेल्यास माफक व्याजाने द्यावी, हा त्यामागील विचार प्रत्येक वस्तीने आजही स्मरणात ठेवावा असा आहे.

६. नेम

काटकसर इच्छेवर सोडली तर आठ दिवस टिकते. नेम केला तर वर्ष टिकते. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत चातुर्मासाचे नेम आपण धरतोच. त्यांत एक नेम घराने मिळून धरावा: या चार महिन्यांत नवे कर्ज नाही, नवा हप्ता नाही, आणि दर महिन्यास वाचलेली रक्कम पगाराच्या दिवशीच मुद्दलात भरावयाची. महिनाअखेरीस उरेल ते भरू, असे म्हणणाऱ्याजवळ काही उरत नाही. व्यापारी दिवाळीत नव्या वहीचे पूजन करतात. गृहस्थानेही त्या दिवशी घराच्या जमाखर्चाची वही उघडावी. तीत रोजचा खर्च लिहावा आणि महिन्यातून एकदा घरातील सर्वांनी, मोठ्या मुलांसह, ती वाचावी. मुद्दल कितीने उतरले हे मुलांना दिसले, की न मिळालेल्या वस्तूची खंत कमी होते आणि कष्टाचा अर्थ त्यांना आपोआप कळतो.

कुटुंबात बसून विचार करण्यासाठी काही प्रश्न:

१. आपल्या घरावरील सर्व देणी घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीस ठाऊक आहेत काय?

२. सर्वांत अधिक व्याजाचे कर्ज कोणते, आणि गेल्या तीन महिन्यांत त्याचे मुद्दल कितीने कमी झाले?

३. आपण करीत असलेल्या काटकसरीचा सर्वांत अधिक भार कोणावर पडतो?

४. येत्या वर्षातील कोणते कार्य आपण लौकिकासाठी वाढविणार आहोत, आणि ते लहान केल्यास नेमके कोणाचे काय बिघडणार आहे?

५. आपल्या परिचयातील एखादे कुटुंब कर्जात असेल, तर त्याचा कमीपणा न करता आपण कोणता आधार देऊ शकतो?

या प्रश्नांची उत्तरे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत आणि पुढील एकादशीस पुन्हा वाचावीत.