साबुदाण्याची पाणथरी

आजी प्लीहेला पाणथरी म्हणायची. हिवतापात ती वाढते, एवढंच आम्हाला ठाऊक. सोनोग्राफीत धडधाकट दिसणारी पाणथरी आतून निकामी असू शकते, हे मला अमायलॉइडोसिस झाल्यावर कळलं, तेही उशिरा.

लघवीला फेस, पायांना सूज. मूत्रपिंडाचा तुकडा तपासला आणि एएल प्रकार निघाला: अस्थिमज्जेतल्या पेशींनी बनवलेलं सदोष प्रथिन अवयवांत साठत जातं. सगळ्यांचं लक्ष मूत्रपिंड आणि हृदयाकडे. रक्ताच्या रिपोर्टात ‘हॉवेल-जॉली बॉडीज’ असं लिहिलेलं होतं. मी हिमोग्लोबिन पाहिलं आणि कागद फाइलला लावला.

तांबड्या पेशींत उरलेले केंद्रकाचे हे कण चांगली पाणथरी खुडून टाकते. ते रक्तात दिसले, म्हणजे सदोष प्रथिनाच्या साठ्याने चाळण तुंबली. जर्मन डॉक्टर फिरखोने 1854 मध्ये आयोडीनने रंग धरणाऱ्या या साठ्याला स्टार्चसारखा समजून ‘अमायलॉइड’ म्हटलं. निघालं प्रथिन. पण कापलेल्या प्लीहेत ते साबुदाण्यासारखं दिसतं, म्हणून ‘सॅगो स्प्लीन’ हे नाव टिकलं. एकादशीच्या खिचडीकडे मी आता जरा संशयानेच बघतो.

जुलैत एका रात्री दोन वाजता हुडहुडी भरली. पावसात भिजलो होतो, क्रोसिन घेतली. बायको म्हणाली, “आत्ता निघू या.” मी म्हटलं, सकाळी बघू. रात्री दोनला बेंगळुरूचा सिल्क बोर्ड चौक मोकळा असतो. सकाळी नऊला आमची रुग्णवाहिका तिथेच अडकली आणि माझा रक्तदाब घसरत होता. रक्तात न्यूमोकोकस. नऊ दिवस आयसीयूत काढले. जाड वेष्टनाच्या अशा जंतूंना रक्तातून गाळायचं काम पाणथरीचंच.

म्हणून, हा आजार असेल तर ‘माझी प्लीहा काम करते का?’ हे डॉक्टरांना स्वतः विचारा. रक्ताची काच त्या नजरेने बघायला सांगा. न्यूमोकोकस, मेनिंजोकोकस, हिब आणि दरवर्षीची फ्लूची लस कधी घ्यायची ते ठरवा. केमोआधी जमली तर उत्तम. घरात ठेवायचं अँटिबायोटिक लिहून घ्या. पण ताप 100.4च्या वर गेला तर गोळी घेऊन झोपू नका, निघा, आणि दारातच प्लीहेचं सांगा. डाव्या कुशीत अचानक कळ आली तरी तसंच. क्वचित ती फुटतेही.

माझ्या पाकिटात प्लीहा निकामी असल्याचं कार्ड आहे, कन्नडमध्येही लिहिलेलं. कुत्र्याच्या लहानशा चाव्यातूनही आम्हाला जंतुसंसर्ग भिनू शकतो. गल्लीतल्या कुत्र्यांना बिस्किटं आता बायकोच घालते, मी गेटच्या आतून बघतो.