कोस्टाग्वाना : एका कल्पित लष्करी प्रजासत्ताकाची घडण

१.

कादंबरीतील स्थळ कल्पित असू शकते. गाव, नगर, क्वचित एखादा जिल्हाही कादंबरीकार नव्याने वसवतो. परंतु संपूर्ण राज्य कल्पिणे ही निराळ्या स्वरूपाची निर्मिती आहे. राज्य म्हटले की त्याला भूगोल हवा, इतिहास हवा, खजिना हवा, सैन्य हवे आणि या सर्वांना बांधून ठेवणारी किंवा विस्कटणारी एक कार्यकारणसाखळी हवी. प्रस्तुत लेखात जोसेफ कॉनरॅड (१८५७–१९२४) याच्या 'नोस्ट्रोमो' (१९०४) या कादंबरीतील कोस्टाग्वाना या राज्याचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे. हे राज्य नावाने प्रजासत्ताक, व्यवहाराने सेनापतींच्या मुठीतले आणि जन्माने एका कोसळलेल्या साम्राज्याचे अपत्य आहे.

या विषयाकडे वळण्याचे एक कारण अध्यापनातून आलेले आहे. पदव्युत्तर वर्गात ही कादंबरी चर्चेला घेतली की 'कोस्टाग्वाना नकाशावर कोठे आहे?' असा प्रश्न हमखास येतो. नाही म्हटल्यावर विद्यार्थ्यांना आश्चर्य वाटते. हे आश्चर्य कॉनरॅडच्या यशाचे गमक आहे, परंतु ते कसे निर्माण झाले याची मीमांसा केल्याशिवाय त्याचा अभ्यासाला उपयोग नाही.

आपल्या कादंबरीच्या आरंभकाळातही कल्पित राज्ये विपुल आहेत. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) किंवा नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्यांतील राजे आणि राजपुत्र ज्या राज्यांत वावरतात, त्यांचा महसूल कोण गोळा करतो, सैनिकांना पगार कोठून मिळतो, हे प्रश्न वाचकाला पडत नाहीत. तेथे राज्य ही केवळ पार्श्वभूमी असते. हा त्या कादंबऱ्यांचा दोष म्हणता येणार नाही, कारण तिचे प्रयोजनच वेगळे होते. कोस्टाग्वानाच्या बाबतीत मात्र नेमके हेच प्रश्न कथानकाला गती देतात. म्हणून या राज्याची तपासणी करताना आपल्या परंपरेतील एक जुने मोजमाप उपयोगी पडेल असे वाटते. कौटिल्याने 'अर्थशास्त्रा'त राज्याच्या सात प्रकृती सांगितल्या आहेत : स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. कॉनरॅडला हे विवेचन ठाऊक होते असे सुचवावयाचे नाही. केवळ चिकित्सेचे साधन म्हणून ते येथे स्वीकारले आहे.

२.

प्रथम ऐतिहासिक भूमी पाहू. १८०८ मध्ये नेपोलियनने स्पेनच्या चौथ्या कार्लोसला आणि त्याचा पुत्र सातवा फर्नांडो याला बायोन येथे सिंहासनाचा त्याग करावयास लावले. राजाच नाहीसा झाल्यामुळे अमेरिकेतील वसाहतींत सत्ता कोणाच्या नावाने चालवावी हा प्रश्न उभा राहिला आणि त्यातून स्वातंत्र्ययुद्धे पेटली. ९ डिसेंबर १८२४ रोजी आयाकुचोच्या लढाईत दक्षिण अमेरिका खंडावरील स्पॅनिश सत्तेचा निर्णायक पराभव झाला. बोलिव्हारने उभारलेले कोलंबियाचे विशाल प्रजासत्ताक मात्र १८३० च्या सुमारास, त्याच्या मृत्यूच्याच काळात, फुटले. नव्या राज्यांना संविधाने मिळाली, पण ती राबवणारी मुलकी यंत्रणा पुरेशी उभी राहिली नव्हती. दीर्घ युद्धातून तावूनसुलाखून निघालेली एकच संस्था शिल्लक होती, ती म्हणजे सैन्य. त्यामुळे व्हेनेझुएलात पाएझ, आर्जेन्टिनात रोसास असे शस्त्रबळावर उभे राहिलेले नेते पुढे आले. पॅराग्वेत फ्रान्सिया या कायदेपंडिताने १८१४ पासून १८४० पर्यंत एकहाती सत्ता गाजवली.

साम्राज्य जाते तेव्हा त्याचा स्वामी जातो आणि बरेचसे अमात्यही जातात. दंड तेवढा मागे उरतो. सप्तांगांतील हा असमतोल कोस्टाग्वानाच्या रचनेचे बीज आहे.

३.

कॉनरॅडने हा प्रदेश जवळजवळ पाहिलेला नव्हता. खलाशी म्हणून १८७६ च्या सुमारास व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर काही अल्पकाळ त्याने काढला, एवढाच त्याचा प्रत्यक्ष अनुभव. उरलेले सर्व ग्रंथांतून आले. मास्टरमन याने पॅराग्वेतील सात वर्षांविषयी लिहिलेले पुस्तक (१८६९) आणि ईस्टविक याचे व्हेनेझुएलाविषयीचे पुस्तक (१८६८) ही त्याची प्रमुख साधने होत. कादंबरीतील डॉ. मोनिगॅम याच्या छळाचा प्रसंग, काही व्यक्तिनामे, बंदराच्या आणि नगराच्या वर्णनातील तपशील यांचा माग अभ्यासकांनी या ग्रंथांपर्यंत काढला आहे. मात्र कॉनरॅड यांपैकी कोणताही एक देश उचलत नाही. अनेक देशांचे अवशेष एकत्र करून तो असा देश घडवतो की जो कोणत्याच देशाशी पूर्णतः जुळत नाही आणि तरी सर्वांच्या ओळखीचा वाटतो.

या घडणीत भूगोलाला पहिला मान आहे. सुलाको हे बंदर एका निर्वात आखाताच्या कुशीत आहे. शिडाच्या जहाजांना तेथे शिरणे दुष्कर आणि मागे पर्वतरांग उभी. त्यामुळे देशाच्या राजधानीपासून ते शतकानुशतके अलिप्त राहिलेले आहे. कौटिल्याच्या परिभाषेत हा निसर्गनिर्मित दुर्ग होय. पुढे वाफेची जहाजे येतात, तारयंत्र येते, लोहमार्गाचे काम सुरू होते आणि दुर्गाचे दुर्गत्व नष्ट होते. राजधानीतील उठावाची झळ सुलाकोला का लागते आणि तरीही सुलाको वेगळे का निघू शकते, या दोन्हींची उत्तरे या भूगोलात आहेत.

दुसरे साधन म्हणजे अंतर्गत इतिहास. कथानक सुरू होण्यापूर्वी पन्नास वर्षांच्या घडामोडी घडून गेलेल्या आहेत आणि त्या सलग सांगितल्या जात नाहीत; संभाषणांतून, आठवणींतून त्या झिरपतात. सुलाको हे पूर्वी संघराज्यातील एक राज्य होते. चार्ल्स गूल्ड याचा चुलता त्याचा निर्वाचित अध्यक्ष होता आणि एकीकरणवादी सेनापती गुझमान बेन्तो याने त्याला चर्चच्या भिंतीशी उभे करून गोळ्या घालविल्या. बेन्तोच्या सैन्याने बेड्या घातलेल्या कैद्यांना मुलूखभर फरपटत नेले. त्या सैन्याचे नाव शांतता प्रस्थापित करणारी सेना असे होते. बेन्तो मरून बराच काळ लोटला आहे, तरी त्याची दहशत पात्रांच्या शरीरांत शिल्लक आहे. डॉ. मोनिगॅम अजून लंगडतो. काळाची सरळ रेषा मोडणाऱ्या निवेदनतंत्राविषयी समीक्षकांनी पुष्कळ लिहिले आहे. ते तंत्र येथे आशयाशी एकजीव आहे. जेथे प्रत्येक सत्तांतर मागील सत्तांतराची पुनरावृत्ती असते, तेथे आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते हा वाचकाचा गोंधळ त्या देशाच्या नागरिकाचाही असतो.

४.

कोश आणि दंड यांच्या परस्परसंबंधावर कादंबरीचा कणा उभा आहे. राज्यावर ओढवणाऱ्या व्यसनांची तुलना करताना कौटिल्य कोशाला दंडाच्या वर स्थान देतो. सैन्याचे मूळ खजिन्यात असते, हा त्याचा युक्तिवाद. कोस्टाग्वानात कोश म्हणजे सान तोमेची चांदीची खाण. साम्राज्याच्या काळात ती गुलामांच्या पाठीवर कोरडे ओढून चालवली गेली. स्वातंत्र्यानंतर ती एका इंग्रज कंपनीकडे आली. पुढे खाणकामगारांच्या उठावात तिचे अधिकारी मारले गेले आणि सरकारने ती जप्त केली. यानंतर ती खाण चार्ल्स गूल्डच्या वडिलांच्या गळ्यात सक्तीने बांधण्यात आली. बंद खाणीवरील भविष्यातल्या उत्पन्नाचे स्वामित्वशुल्क त्यांच्याकडून आगाऊ वसूल केले गेले. प्रत्येक नवे सरकार येऊन नवी वसुली करीत राहिले आणि त्या जाचातच ते खचून गेले.

पुत्र खाण पुन्हा सुरू करतो, ती केवळ धनलोभाने नव्हे. उत्पन्न सुरू झाले की सुव्यवस्था येईल आणि सुव्यवस्थेमागून न्याय येईल, अशी त्याची श्रद्धा आहे. सान फ्रान्सिस्कोचा धनपती हॉलरॉइड त्याला भांडवल पुरवतो. खाणीच्या पाठबळावर रिबिएरा हा मुलकी हुकूमशहा सत्तेवर येतो. परंतु खजिना भरला की त्याकडे सैन्याचे लक्ष जाणारच. रिबिएराचाच युद्धमंत्री जनरल मॉन्तेरो बंड करतो आणि एस्मेराल्डाचा ठाणेदार कर्नल सोतियो चांदीच्या आशेने पक्ष बदलतो. येथे दंड कोशाचे रक्षण करीत नाही, त्याची शिकार करतो.

या व्यवस्थेचे सर्वांत बोलके उदाहरण एर्नांदेस या दुय्यम पात्राच्या चरित्रात आहे. तो साधा शेतकरी. यादवी युद्धात त्याला घरातून बळाने उचलून सैन्यात भरती केले जाते. तो पळतो, दरोडेखोर होतो, मुलुखाचा कर्दनकाळ ठरतो. पुढे संकटकाळी त्याची टोळी नव्या राज्याच्या उपयोगी पडते आणि अखेर तो त्या राज्याचा युद्धमंत्री होतो. सैनिक, दरोडेखोर आणि मंत्री यांच्यातील सीमारेषा किती पुसट आहेत, हे कॉनरॅड कोणतेही भाष्य न करता या एका जीवनक्रमातून दाखवतो.

५.

प्रजासत्ताकाची भाषा हाही या निर्मितीचा महत्त्वाचा घटक आहे. बेन्तो स्वतःस देशाचा तारणहार नागरिक म्हणवितो. 'नागरिक' ही पदवी प्रजासत्ताकाची, कृती सुलतानाची. मॉन्तेरोचे बंड लोकांच्या नावाने होते. त्याचा भाऊ पेद्रितो फ्रान्सच्या दुसऱ्या साम्राज्यातील दरबारी वैभवाच्या हकिकती वाचून स्वतःच्या राजकारणाची स्वप्ने रचतो. साम्राज्य मोडले, पण साम्राज्याची हौस मोडली नाही.

सुलाकोच्या अलामेदाच्या तोंडाशी चौथ्या कार्लोसचा अश्वारूढ पुतळा आहे. सामान्य लोक त्याला केवळ दगडी घोडा म्हणून ओळखतात. राजा विस्मरणात गेला, घोडा राहिला. नवे राज्य स्थापन झाल्यावर तो कालविसंगत म्हणून हलवला जातो, हे आपल्याला कॅप्टन मिचेल या आत्मसंतुष्ट निवेदकाच्या तोंडून कळते. पुतळा हलविल्याने साम्राज्य संपले असे मिचेलला वाटते. त्याच वेळी खाणीचा शब्द कायद्याहून वरचढ झाला आहे, हे वाचकाला दिसत असते.

याच संदर्भात दोन होसे आवेयानोस यांच्या ग्रंथाचा विचार करावयास हवा. हा वृद्ध देशभक्त कोस्टाग्वानाच्या पन्नास वर्षांच्या दुःशासनाचा इतिहास लिहितो. दंगलीत छापखाना लुटला जातो, त्या ग्रंथाची छापील पाने चौकात विखुरतात, चिखलात तुडवली जातात, बंदुकांत ठासणीला वापरली जातात आणि गोळ्यांऐवजी छापखान्याचे खिळे भरले जातात. कुशासनाचा इतिहास कुशासनाच्याच दारूगोळ्यात खर्ची पडतो. पुढे १९१७ च्या प्रस्तावनेत कॉनरॅड गंभीर मुद्रेने सांगतो की, या देशाविषयीची आपली मुख्य आधारसामग्री म्हणजे आवेयानोसांचा हाच ग्रंथ. वरवर पाहता हा विनोद आहे. पण ज्या राज्याने आपली दफ्तरे जाळली त्याचा इतिहास कादंबरीतच उरतो, असेही त्यातून सूचित होते.

६.

बंडाच्या धुमाळीत मार्टिन देकूद हा संशयवादी पत्रकार सुलाकोच्या विभक्त होण्याची कल्पना मांडतो. ती यशस्वी होते आणि पाश्चात्त्य प्रजासत्ताक जन्मास येते. देकूद मात्र ते पाहण्यापूर्वीच एकांतात आत्महत्या करतो. नव्या ध्वजाला पहिली सलामी देते ती अमेरिकेची युद्धनौका. सातवी प्रकृती, मित्र, येथे अवतरते. कॉनरॅड हे लिहीत असतानाच, ३ नोव्हेंबर १९०३ रोजी, पनामा कोलंबियापासून अलग झाला आणि त्या घटनेच्या पाठीशी अमेरिकी नौदलाचे बळ होते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. एक साम्राज्य गेले. दुसरे ध्वज न रोवता, हिशेबाच्या वह्यांतून आले. भौतिक हितसंबंधांवर उभारलेल्या व्यवस्थेत शांतता नसते आणि आज तारक वाटणारी खाण उद्या पूर्वीच्या क्रौर्याइतकीच जड होईल, हे डॉ. मोनिगॅमचे भाकीत कादंबरीचे अंतिम आशयसूत्र होय.

७.

या निर्मितीच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. सप्तांगांपैकी जनपद हे अंग येथे सर्वांत दुर्बळ आहे. खाणीत उतरणारे मूळनिवासी कामगार समूह म्हणून दिसतात, त्यांचा स्वतंत्र आवाज ऐकू येत नाही. एडवर्ड सैद यांनी 'कल्चर अँड इम्पीरियलिझम' (१९९३) मध्ये दाखविले आहे की, कॉनरॅड साम्राज्यवादाची कठोर चिकित्सा करतो, परंतु त्यापलीकडे या लोकांचे स्वतःचे जीवन आणि इतिहास असू शकतो हे त्याला दिसत नाही. तीन साम्राज्यांनी वाटून घेतलेल्या पोलंडचा पुत्र, ज्याच्या पित्याला रशियन सत्तेने हद्दपार केले, त्याला साम्राज्याचे क्रौर्य आतून ठाऊक होते. तरीही प्रजेच्या स्वशासनावरील अविश्वास त्याला ओलांडता आला नाही. ही विसंगती समर्थनाने किंवा निषेधाने मिटवून टाकू नये. ती अभ्यासाचा विषय आहे.

या रिकाम्या जागेला नंतर उत्तरे मिळाली. वाये-इन्क्लान, आस्तुरियास, रोआ बास्तोस, गार्सिया मार्केस यांनी स्पॅनिश भाषेत हुकूमशहाची कादंबरी समृद्ध केली. कोलंबियाचे हुआन गाब्रिएल वास्केस यांच्या 'कोस्टाग्वानाचा गुप्त इतिहास' (२००७) या कादंबरीत तर एक कोलंबियन निवेदक कॉनरॅडवर आरोप करतो की, त्याने माझी कथा चोरली आणि मलाच तीतून वगळले. कल्पित देशाने आपल्या निर्मात्याकडे हिशेब मागावा, ही त्या देशाच्या सत्यतेची पावती आहे.

निष्कर्ष असा की, कल्पित राज्याची विश्वसनीयता नावे, ध्वज आणि नकाशे यांच्या विपुलतेवर अवलंबून नसते. पगार कोण देतो, शस्त्र कोणाच्या हाती आहे, मागील अत्याचाराची आठवण कोण वाहतो आणि कोणाला बोलू दिले जात नाही, या प्रश्नांची उत्तरे संहितेत सापडली पाहिजेत. चौथे उत्तर देताना कॉनरॅडही अडखळला. आपल्याकडे कल्पित राज्ये रंगविणाऱ्या जुन्या-नव्या कादंबऱ्यांचे अध्यापन करताना हे चार प्रश्न वर्गात विचारून पाहावेत. विशेषतः चौथा.