घरच्या फोटोत आई-बाबा कुठे आहेत?



नाताळानंतरच्या रविवारी ख्रिस्तसभा पवित्र कुटुंबाचा सण साजरा करते. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी १९२१ साली हा सण साऱ्या ख्रिस्तसभेला लागू केला. त्या सणाला धरून आज एका साध्या गोष्टीचा विचार करू या, आपल्या घरातील फोटोंचा.

मयताच्या घरी गेल्यावर आम्ही पुष्कळदा एकच धावपळ पाहतो. शवपेटीजवळ ठेवायला आईचा फोटो हवा असतो. अल्बम निघतात, मोबाइल चाळले जातात. मुलांचे फोटो ढीगभर सापडतात. स्नानसंस्कार, वाढदिवस, प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकार, बोर्डीच्या किनाऱ्यावरची सहल. आई मात्र नाही. ती चुलीपाशी होती, नाहीतर कडेला तिचा नुसता हात आला आहे. शेवटी निवडणूक ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणतात. वडिलांचीही तीच गत, कारण कॅमेरा त्यांच्याच हातात. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर आणखी एक कारण आहे. दिवाळी झाली की अनेक आईबाप वीटभट्टीवर किंवा बोटीवर जातात आणि मूल आश्रमशाळेत राहते. शाळेच्या फोटोत मूल दिसते, आईबाप दिसत नाहीत.

विचारले तर उत्तर ठरलेले असते, “फादर, आमचे काय फोटो काढायचे? पोरांचे काढा.” याला आपण नम्रता म्हणतो. पण मोठे झालेले मूल अल्बम उघडते ते आपल्याला कडेवर कोणी घेतले होते हे पाहण्यासाठी. आईची साडी जुनी होती की नवी, हे ते बघत नाही.

प्रसिद्ध वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म तलासरी तालुक्यातला. पुढे ते डहाणू तालुक्यात राहिले. लहानपणीच त्यांची आई गेली. त्या धक्क्याने पोर बोलेनासे झाले आणि मातीत चित्रे काढून मनातले सांगू लागले, असे त्यांच्याविषयी सांगतात. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आई हरवलेल्या मुलाला चित्राचा केवढा आधार वाटतो, हे आपल्याच मातीतले उदाहरण.

आता आपल्या घरच्या वेदीवरील पवित्र कुटुंबाची तसबीर पाहा. बाळ येशू मध्ये आहे, पण एकटा नाही. मरिया आहे, योसेफही आहे. शुभवर्तमानात योसेफाच्या तोंडचा एकही शब्द नाही, तरी तसबिरीत त्याची जागा कोणी काढून घेतली नाही. इ. स. ७८७ मध्ये निसिया येथील दुसऱ्या परिषदेने पवित्र प्रतिमांचा आदर करणे योग्य ठरवले. कारण अदृश्य परमेश्वराने माणसाचा चेहरा घेतला. देवाला चेहरा दाखवण्याचा संकोच वाटला नाही, मग आपण आपला चेहरा मुलांपासून का लपवावा?

एक सावधगिरीही हवी. फ्रेंच कॅथोलिक तत्त्वज्ञ गाब्रिएल मार्सेल यांनी ‘उपस्थिती’वर पुष्कळ विचार केला. एकाच खोलीत बसलेला माणूसही आपल्याला उपस्थित नसू शकतो, हे त्यांनी दाखवले. तेव्हा फोटोपुरते जवळ येऊन लगेच दूर होऊ नका. आधी मुलाजवळ बसा; फोटो त्या बसण्याची आठवण असू द्या.

एवढे करा:
१. येत्या सणाला मोबाइल शेजाऱ्याकडे किंवा मोठ्या मुलाकडे द्या आणि दोघेही फोटोत या. आजी-आजोबांना विसरू नका.
२. संस्काराच्या दिवशी मिस्सा संपल्यावर मुलासोबत उभे राहा. मिस्सा चालू असताना वेदीपाशी गर्दी नको.
३. कामावर जाण्याआधी मुलाबरोबर एक फोटो काढा व त्याची प्रत वसतिगृहात मुलाजवळ राहू द्या.
४. मोबाइल बिघडतो, हरवतो. वर्षातून एक तरी फोटो कागदावर काढून घ्या; मागे नावे, गाव आणि तारीख लिहा.

चिंतनासाठी: माझ्या मुलाजवळ माझा आणि त्याचा एकत्र फोटो आहे का? तो काढला त्या दिवशी मी खरोखर त्याच्याजवळ होतो का?

पवित्र कुटुंबा, आमच्या घरांसाठी विनंती कर.