मी मारलेले एकतीस राजे

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या गच्चीतल्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला. ज्यांच्याकडे जास्वंद आहे त्यांना वेगळं सांगायला नको. कळ्यांच्या देठाशी कापसाचे बोळे, आकसलेले शेंडे, फुलण्याआधीच गळणाऱ्या कळ्या आणि खाली फरशीवर असा चिकटा, की चप्पल उचलताना आवाज यावा. रोज पाच-सहा फुलं देणारं झाड एका फुलावर आलं. सासूबाई म्हणाल्या, "गणपतीला आता नुसत्या दुर्वांवर भागवायचं का?"

चौथ्या की पाचव्या दिवशी त्या घोळक्यात मला एक थोराड प्राणी दिसला. बाकीचे पिठ्या तांदळाच्या कणीएवढे, हा चांगला अर्धा इंच. अंगावर पांढऱ्या मेणाच्या लांब झिपऱ्या, महिनाभर आंघोळ न घातलेल्या पॉमेरेनियनसारख्या. काडी लावली तर चक्क चालू लागला. पिठ्या इतका लगबगीने कधी चालत नाही. मी ठरवून टाकलं, हा यांचा राजा.

मग काय! भुवया कोरायचा चिमटा, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात साबणाचं पाणी आणि चष्मा. चार दिवसांत एकतीस. आकडा मी कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहीत होते. मुलगा म्हणाला, "आई, प्रजा कमी होत नाही आणि राजे मात्र रोज नवे, असं कसं?" त्याला मी अभ्यासाला बसवलं. तेव्हाच ऐकायला हवं होतं.

डब्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, 'बंदोबस्त झाला' असं लिहून. दोन मिनिटांत निफाडहून मावसभावाचा फोन. त्याची द्राक्षबाग आहे.

"ताई, किती मारलेस?"

"एकतीस."

पलीकडे शांतता. मग म्हणाला, "अगं, आम्ही हे पैसे मोजून आणतो आणि बागेत सोडतो."

तो राजा नव्हता, पिठ्या खाणाऱ्याची अळी होती. क्रिप्टोलेमस नावाचा ढालकिडा. पिठ्यांमध्ये राहून त्यांच्यासारखाच मेणाचा झगा घालतो आणि त्यांची अंडी-पिल्लं फस्त करतो. एक अळी पूर्ण वाढेपर्यंत अडीचशेपर्यंत लहान पिठ्या खाऊ शकते. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. कॉफीवरच्या खवलेकिडीसाठी 1898 साली तो भारतात आणला. ते काम त्याला जमलं नाही, पण पिठ्यावर त्याने बस्तान बसवलं. नेमणूक एका टेबलावर आणि चोख काम दुसऱ्याच, असे लोक आपण ऑफिसातही पाहतोच.

एकतीस गुणिले अडीचशे हा हिशोब मी कॅलेंडरवर मांडला नाही.

तेव्हा चिमटा उचलण्याआधी काडी लावून बघा. जागचा हलत नाही किंवा कसाबसा सरकतो तो पिठ्या. झिपऱ्या लांब, अंग मोठं आणि पाय उचलून चालता होतो, त्याला जाऊ द्या. मोठा झाला की तो मसुराएवढा काळपट भुंगेरा होतो, डोकं नारिंगी. तोही आपलाच. पिठ्यावर जगणारी आणखी एक अळी आहे, एका छोट्या फुलपाखराची. तीही तसाच पांढरा भुगा पांघरते आणि तिचा कोष हुबेहूब माकडाच्या तोंडासारखा दिसतो. तो पानावर दिसला तर किंचाळू नका. मी किंचाळले होते.

हे पाहुणे झाडावर असताना फवारणी करू नका, निंबोळी तेलाचीही नाही. नसतील तर आधी पाण्याचा जोराचा फवारा मारून पिठ्या पाडा, दाट लागण झालेले शेंडे छाटून पिशवीत बांधून टाका. मग लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण, तेही संध्याकाळी.

आणि मुंग्या. खरी गोम तिथे आहे. पिठ्याच्या चिकट गोड पाण्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात, त्याला खायला आलेल्यांना हुसकावतात. झिपऱ्यांच्या मेणामुळे या अळीचा थोडा बचाव होतो, पण मुंग्या कमी असल्या तर तिचं काम भराभर होतं. मी कुंडी विटांवर चढवून विटा पाण्याच्या परातीत ठेवल्या. तरी आठवडाभर मुंग्यांची रांग तशीच. शेवटी दिसलं, एक फांदी कठड्याला टेकली होती, पूल तयार! ती छाटली तेव्हा रांग तुटली. परातीतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर डास पाळाल.

जुलैत मला पहिला नारिंगी डोक्याचा भुंगेरा दिसला. एकतिसांतून कुणीतरी निसटला असावा. आज सकाळी जास्वंदीला चार फुलं होती. खालच्या फांदीवरचा थोडा पिठ्या मी मुद्दाम पुसलेला नाही. तो संपला तर भुंगेरे शेजारच्यांच्या गच्चीत जातील.